ओंडक्याच्या अलीकडे

त्या ओंडक्यावर आता लोक जीपची वाट बघत बसतात. तलासरीच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून पाड्यांकडे जाणारा आतला रस्ता जिथे सुरू होतो, तिथेच कडेला तो पडलेला आहे. ताडाचा, चांगला जाडजूड, एका अंगाने पावसाने काळा पडलेला. परवा रविवारी गाडी उभी करून मीही त्यावर टेकलो. शेजारी मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दोन बाया बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

"जीप पकडायची?" एकीने विचारलं.

"नाही. गाडी आहे माझी."

"मग इथे बसला कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते ऐकेपर्यंत त्यांची जीप चुकली असती. इथे वाचणाऱ्यांना कुठली जीप पकडायची नाही असं गृहीत धरतो.

तो उन्हाळा टाळेबंदीचा. डहाणू रोडला माझं चष्म्यांचं दुकान आहे, ते बंद होतं. लोकांना लांबचं दिसो वा न दिसो, लांब जायचंच नव्हतं कुणाला. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. या वयात काही पुरुष केस रंगवतात, काही पहाटे उठून योगासनं करतात. मी दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घेतली होती. जड, काळी, गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली भांडी थरथरतील अशी. तिच्यावर बसलो की मी स्वतःला मोठा भटक्या वाटायचो. प्रत्यक्षात दर रविवारी आम्ही पाच पोटसुटे मित्र घोलवडपर्यंत जायचो, भजी खायचो आणि जेवायच्या वेळेला घरी यायचो.

टाळेबंदी लागली आणि गाड्यांवर चादरी पडल्या. मग आमच्या ग्रुपवर वाद पेटला. एकट्याने गाडीवर नुसतं फिरून यायला हरकत काय? चिखल्याला चिकूची वाडी असलेले हसमुखभाई या बाजूचे वकील. त्यांचे बोललेले निरोप यायचे, मागे बुलबुलांचा कलकलाट. "जुओ, सरकार काय बोलते? अंतर ठेवा. गाडीवर माझ्याजवळ कोण असतंय? हेल्मेट हाय, हातमोजे हाय. मी तर डॉक्टरपेक्षा जास्ती झाकलेला हाय." लगेच आमच्यातला गणिताचा मास्तर लिहायचा, "आणि पडलात तर?" हसमुखभाई म्हणायचे, "तीस वरस मधे एक वेळा पण पडलो नाय." मास्तर म्हणायचा, "तीस वर्षांत टाळेबंदी पण नव्हती."

मला दोघांचंही पटायचं. ज्याचा निरोप शेवटी आलेला असेल त्याचं जास्त.

सुलभा, म्हणजे माझी बायको, हे सगळं ओट्याशी उभी राहून ऐकायची. ती नर्स आहे, तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर. एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पडलात तर एक खाट अडवाल. तेवढी शिल्लक आहे का, हे आधी मला विचारा." आणि भाकरी तव्यावर टाकली. वाद तिच्यापुरता संपला होता.

पण माझं नशीब असं, की तिच्यामुळेच माझ्या गाडीवरची चादर निघाली. एसट्या बंद, जीपा बंद. तिला उपकेंद्रावर जायचं कसं? तेव्हा तिला पास मिळाला. त्यावर तिचं नाव अत्यावश्यक सेवेत आणि खाली माझं नाव, ने-आण करणारा म्हणून. म्हणजे अत्यावश्यक ती, आणि तिच्यामुळे थोडासा आवश्यक मी. पास हातात देताना तिने बजावलं होतं. "नेऊन सोडायचं, सरळ घरी यायचं. संध्याकाळी न्यायला यायचं. मध्ये कुठे भटकताना सापडलात तर पास जाईल. पास गेला तर मला चालत जावं लागेल, आणि मी चालत पोचेपर्यंत लसीची बाळं शाळेत जायला लागतील."

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

पहिले तीन दिवस सरळ घरी आलो. चौथ्या दिवशी उपकेंद्रासमोर तिला उतरवलं, ती पदर खोचून आत गेली, आणि मी गाडी वळवताना आतल्या रस्त्याकडे बघितलं. तो पाड्यापाड्यांतून जातो, कोसबाडचा डोंगर उतरतो आणि घोलवडला येऊन समुद्राला मिळतो. तिथून चिखले, नरपड, घर. शेवटी तोही घरीच जातो ना? फक्त जरा सावकाश. एवढंच स्वतःला समजावलं आणि गाडीचं तोंड तिकडे केलं.

त्या रस्त्यावरचे वास मला अजून क्रमाने सांगता येतील. आधी राबाचा. भाताच्या रोपांसाठी पाला-काटक्या पसरून जमीन भाजतात, त्याचा धुरकट, कोरडा वास. त्यात थोडी शेणाची ऊब. मग मोहाचा. फुलांचे दिवस सरत आले होते तरी अंगणात चटयांवर ती वाळत पडलेली असायची आणि सगळ्या वळणाला गोड गुंगी यायची. मग डोंगराच्या उतारावर करवंदांचा, त्यानंतर आंब्याच्या चिकाचा. आणि खाली घोलवडच्या वाड्यांत उतरलं की चिकूचा. त्या वर्षी माल उचलायला ट्रक नव्हते. चिकू झाडावरच पिकून खाली पडत होते आणि वाड्यांमधून काकवीसारखा, किंचित आंबूस वास रस्त्यावर सांडत होता. वटवाघळांची चैन होती. हसमुखभाई कुंपणाच्या आतून मला हात करायचे आणि दोन चिकू फेकायचे. मी एक झेलायचो. दुसरा बहुतेक हेल्मेटवर फुटायचा.

आणि आवाज. उतार आला की, पहिल्या पाड्यातला असो वा डोंगराचा, मी गाडी बंद करायचो आणि नुसती सोडून द्यायचो. चाकांची सरसर, ताडाच्या पानांची खडखड, कुठेतरी लांब पावशा ओरडतोय. चिखल्याला सुरूच्या झाडांत गाडी लावली की समोर समुद्र. बोंबील वाळवायचे बांबू रिकामे, वाळूवर माणसाचं एकही पाऊल नाही, फक्त खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी. मी तिथे दहा मिनिटं बसायचो. मास्क खाली ओढून वारा घ्यायचो, मग कुणी बघितलं की काय म्हणून वर ओढायचो. त्या किनाऱ्यावर बघणारं कुणी असेल तर ते खेकडेच.

खोटं कशाला बोलू, मी सुखात होतो. त्याच दिवसांत महामार्गावर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं चालत होती. गुजरातेतल्या भट्ट्यांवरून, बोटींवरून आपापल्या गावी निघालेली. सुलभाला मागे बसवून त्यांच्या बाजूने जाताना मी गाडीचा आवाज जमेल तेवढा कमी करायचो. त्यांना पाणी द्यायला ती उतरायची, मी गाडी धरून उभा राहायचो. आणि नऊ वाजता तिला सोडून मी त्याच हाताने गाडी फिरायला वळवायचो. याची लाज वाटायची. वाटून मग वळणावर ती मागे पडायची.

आता ओंडक्याचं. आतला रस्ता जिथे सुरू होतो, तिथे पहिल्याच पाड्याने तो आडवा टाकला होता. शहरातून रोग येतो, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. एका बाजूने दोर बांधून उचलायची सोय केलेली. राखण बायकांकडे होती, कारण पुरुष कुणालाही गप्पांत सोडतात असा तिथल्या बायकांचा अनुभव. त्यांची मुख्य सोमी आजी. साठीची, बारकी, हातात काठी, तोंडाला पदर. पोलिसाने एकवेळ माझा पास वाचला असता. सोमी आजीने पासाकडे बघितलंसुद्धा नाही, गाडीकडे बघितलं.

"तू नर्सबायचा माणूस ना?"

तिकडे साहेबाला आणि देवाला दोघांनाही तू म्हणतात, त्यामुळे मला बरंच वाटलं.

"हो."

"बायच्या कामाला चालला?"

इथे मी फक्त मान हलवली. म्हटलं ना, ते मला जमतं.

ओंडका वर गेला. दुसऱ्या दिवशी वर गेला, तिसऱ्याही दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी सोमी आजीने चार ताडगोळे पानात बांधून पुढे केले. मग कळलं भानगड काय आहे ती. सुलभा चौदा वर्षं त्या पाड्यात जात होती आणि चौदा वर्षांत तिने तिथून साधी एक कैरी घेतली नव्हती. 'कामाचा पगार मिळतो मला' म्हणायची. पाड्यावर त्याचं मोठं ओझं साठलं होतं. आता बाईचा नवरा आयता सापडला होता, रोज सव्वानऊच्या सुमाराला, तोही हसतमुख.

ताडगोळे घरी नेता येणार नव्हते. कुठून आणले, हा पहिला प्रश्न आला असता. मी कोसबाडच्या उतारावर एका आंब्याखाली बसून ते चारही खाल्ले. पुढच्या दिवशी करवंदं, तीही तिथेच संपवली, आणि संध्याकाळी सुलभाने विचारलं की ओठ जांभळे कशाने झाले. मी म्हटलं, उष्णता. नर्सला उष्णतेने ओठ जांभळे होतात असं सांगणाऱ्या माणसाच्या धैर्याची तरी कदर करा.

मग मी युक्ती काढली. काही पुढे केलं की म्हणायचं, "राहू दे, येताना नेतो." मी येताना तिकडून येतच नव्हतो. दुसऱ्या टोकाने बाहेर पडून समुद्राकडून घर गाठायचो. आपल्याकडे डहाणू रोडला 'येताना नेतो' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. वाणी, न्हावी, भाजीवाला, कुणीही त्यावर विसंबून काही बाजूला ठेवत नाही. भोपळा पुढे आला, येताना नेतो. वाळलेली मोहाची फुलं, येताना नेतो. एकदा सोमी आजीच्या अंगणात एक तांबडा कोंबडा मान ताठ करून फिरत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "कोंबडा ऐटबाज आहे." ती म्हणाली, "ने मग." मी हसत म्हटलं, "येताना."

मधे एकदा चिखल्याच्या पुढे पोलिसाने अडवलं. पास वाचला, घड्याळ बघितलं.

"बाईंना नऊला सोडलंत. आता सव्वाअकरा. तलासरीहून येताय का सुरतेहून?"

"गाडी तापते हो. थांबवत थांबवत आणतो."

त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाडीच्या पुढच्या जाळीत मोहाचं एक फूल अडकलं होतं. "मिस्त्रीला दाखवा," तो म्हणाला, "पुढच्या वेळेला पासच ठेवून घेईन." त्या रात्री मी ठरवलं, आता बस. सकाळी राबाचा वास आला आणि ठरवलेलं धुरात गेलं.

आणखी चार दिवसांनी संध्याकाळी मी सुलभाला न्यायला गेलो तर ती उपकेंद्रापाशी नव्हती. पाड्यात दोन दिवस लसीकरण होतं. आतल्या रस्त्याच्या तोंडाशी, ओंडक्याच्या अलीकडे, ती उभी होती. एका हातात लसीचा डबा. पायाशी भोपळे, फुलांची पुरचुंडी, कैऱ्यांची टोपली. दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीतून एक तांबडी मान बाहेर आलेली, ऐटबाज.

"हे तुमचं राहिलंय म्हणे," ती म्हणाली.

मी मान हलवायला गेलो. हलली नाही.

तिथे तुझं म्हणून ठेवलं की ते तुझं. त्याला कुणी हात लावत नाही, पोरांना भूक लागली तरी. पंधरा दिवस माझे भोपळे माझ्यासाठी थांबले होते. मी येताना नेणार म्हणालो होतो ना.

सगळं सामान गाडीवर बांधून आम्ही निघालो. कोंबडा आम्हा दोघांच्या मध्ये. सुलभा अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही. कोंबडा मात्र बोलत होता. नाक्यावर पोलिसाने पास बघितला आणि म्हणाला, "यावर दोन नावं आहेत. हा तिसरा कोण?" एरवी सुलभा हसली असती.

घरी आल्यावर तिचं रोजचं सुरू झालं. दारातच चपला, मागच्या न्हाणीत गरम पाणी, गणवेश बादलीत, साबणाचा आणि डेटॉलचा वास. केस पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं पासाचं काढेल.

"पासाचं सोडा," ती म्हणाली. "त्या पाड्यात गेल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं, की नर्सबाया रोग घेऊन येतात, टोचतात आणि माणसाला उचलून नेतात. शेजारच्या पाड्याने आमच्या उपकेंद्रातल्या दुसऱ्या ताईंना परत पाठवलं. बाळं तशीच राहिली. सोमी आजीच्या पाड्यात मला आत घेतात ते कागद बघून नाही. मी कामाशिवाय येत नाही आणि काही लपवत नाही, एवढं त्यांना माहीत आहे म्हणून. चौदा वर्षं लागली त्याला. तुम्ही रोज माझं नाव सांगून आत गेलात, हवा खायला. उद्या तिथे कुणाला साधा ताप आला, तर पहिलं कुणाचं नाव निघेल?"

मी म्हटलं, "मी कुणाच्या जवळ गेलो नाही. दहा फुटांवरून—"

"दहा फुटांवरून कोंबडा मागितलात."

मग ती म्हणाली, "उद्या तिथे थांबायचं. खरं काय ते सांगायचं. त्यांनी मला आत घेतलं नाही तर मी काय करायचं ते मी बघेन. पण माझ्या नावावर खोटं नको."

त्या रात्री कोंबडा न्हाणीत होता आणि मी अंथरुणात. पहाटे दोघंही एकाच वेळी उठलो.

दुसऱ्या दिवशी ओंडक्याशी गाडी बंद केली. सुलभा मागून उतरली, लसीचा डबा धरून बाजूला उभी राहिली. कोंबड्याची पिशवी मी हातात घेतली. पलीकडे सोमी आजी आणि आणखी दोन बायका. मी हेल्मेट काढलं. बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, आणि तरी नुसतं एवढंच आलं.

"आजी, मी बाईंच्या कामाला येत नव्हतो. औषध-बिषध काही नव्हतं माझ्याकडे. मी नुसता फिरायला येत होतो. बाईंना ठाऊक नव्हतं."

सुलभाने लसीचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आमाला ठावं होता," सोमी आजी म्हणाली.

"काय?"

"दवाखान्याचा औषधवाला पोरगा येतो तो खाली मुंडी घालून जातो. तू झाडं बघत येतो. आन गातो."

"गाडीच्या आवाजात तुम्हाला—"

"उतारावर बंद करतो ना गाडी. सगळा पाडा ऐकतो." बाकीच्या दोघी पदराआड हलायला लागल्या. "पोरं तर वाट बघतात, आज काय बोंबलतो म्हणून."

मी सुलभाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ती कुठल्या बाजूला तोंड फिरवून उभी असेल ते मला कळत होतं.

"मग ओंडका का उघडत होतात?"

"आमाला वाटला, बाय सकाळी तुला घरातून हाकलते. घरात काय झाला असेल. बायच्या घरातला कसा विचारायचा?"

मग तिचा आवाज बदलला. काठी तिने ओंडक्यावर टेकवली. "पन आता तू तोंडाने सांगला. आता नाय उघडता येणार. कामाचा माणूस आत. फिरायचा माणूस बाहेर. बामणाचा असो, बायचा असो."

"आणि बाय?" मी विचारलं.

सोमी आजीने माझ्याकडे बघितलं, चष्म्याचा नंबर चुकलेल्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो तसं. दोर ओढला. ओंडका वर गेला. सुलभा त्याखालून वाकून आत गेली, नेहमीसारखी, पदर खोचून, आणि दोन घरांच्या मधल्या वाटेने दिसेनाशी झाली. लांब कुठेतरी एक बाळ टोचल्यासारखं रडलं, म्हणजे काम सुरू झालं होतं. ओंडका खाली आला. तो माझ्या पुढच्या चाकाच्या वीतभर पुढे टेकला.

कोंबडा मी परत करायला गेलो, पण दिलेलं घेत नाहीत. शेवटी तडजोड झाली, की तो माझाच, राहील मात्र पाड्यात. पिशवी उघडताच तो ओंडक्यावर उडाला आणि पलीकडे उतरला. त्याला कुणी कामाचं विचारलं नाही.

मी निघायला वळलो तर सोमी आजी म्हणाली, "बस. बायला दुपार व्हईल. एवढ्या लांब जाशील आन परत येशील?"

म्हणून बसलो. ती ओंडक्याच्या आत, काठी मांडीवर घेऊन. मी बाहेर, आंब्याच्या सावलीत, सहा हातांवर. टाळेबंदी उठेपर्यंत पाड्यावरच्या लसीच्या दिवशी मी तिथेच बसत राहिलो. बाकीच्या दिवशी सरळ घर. समुद्र त्या वर्षी मग मला दिसला नाही, आणि त्यालाही मी दिसलो नाही, दोघांचंही काही अडलं नाही.

पण तो पहिला दिवस. ऊन चढत होतं, राबाचा धूर सरळ वर जात होता. मग ती म्हणाली, "म्हन ना आता. रोज म्हनतो ते."

मी नको नको म्हटलं. घरांच्या आडून पोरांची चार डोकी वर आली. शेवटी मी मास्क नीट केला, घसा साफ केला, आणि त्या पाड्याच्या वेशीवर बसून एक अख्खं गाणं म्हटलं, दोन्ही कडव्यांसकट.

सोमी आजीने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग जवळ पडलेल्या माझ्या हेल्मेटकडे काठी दाखवून म्हणाली, "ते घाल. त्याच्यातून बरा लागतो."